मोहाखालचा दगड

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही चांगली मिळत गेली. आधी सर हयात होते, म्हणून. मग सर गेले, म्हणून. मग माझी अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास करून घेऊ नका. डॉक्टरांचं एवढं मनापासून मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

पण गेल्या महिन्यात आमच्या प्रताप नगरातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. माळावर एक लांबट काळा दगड, त्यामागे उगवता सूर्य, आणि खाली मजकूर : ‘आपल्या नागपूरजवळ हजारो वर्षांपूर्वीची वेधशाळा! अभिमानाने पुढे पाठवा.’ त्याखाली सेक्रेटरीनं लिहिलं होतं की एकवीस जूनला पहाटे बस जाणार आहे, नावं द्या. लोकांनी भराभर हात जोडले, झेंडे लावले. मी चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला. दगड ओळखीचा होता. त्याच्यावर बसून मी पुष्कळ डबे खाल्ले आहेत.

दगडाआधी सर सांगायला हवेत.

सर म्हणजे आमचे घरमालक. प्रताप नगरातला आमचा हा फ्लॅट बिल्डर ‘दिवाळीपर्यंत’ देणार होता. कोणत्या दिवाळीपर्यंत ते त्यानं सांगितलं नव्हतं. तोवर राहायला म्हणून आम्ही नवराबायको नंदनवनात सरांच्या वरच्या मजल्यावर गेलो आणि चांगली काही वर्षं तिथंच रुळलो. सामानाचा ट्रक दाराशी लागला तेव्हा एक सडसडीत म्हातारा फाटकात उभा होता. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. शाळेनं निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं, पण शिट्टी परत मागायला कुणाला सुचलं नाही. आमचं लोखंडी कपाट जिन्यानं वर चढलं ते त्या शिट्टीवर. एक लांब फुंकर म्हणजे उचला, दोन छोट्या म्हणजे टेकवा. हमाल आधी हसले, मग मुकाट्यानं तालावर आले.

कपाट वर पोचल्यावर सरांनी मला विचारलं, “कोणत्या लायनीत होते तुम्ही?”

“रस्त्याच्या कामावर. ठेकेदाराकडं सुपरवायझर.”

“म्हंजे इंजिनिअर.”

“नाही, सुपरवायझर.”

“रस्ता कोणी केला?”

“मजुरांनी.”

“अन् बाजूले उभं कोण होतं?”

“मी.”

“मंग झालं ना बाप्पा. इंजिनिअर!”

तेव्हापासून मी ‘इंजिनिअर साहेब’ झालो. पहिले काही दिवस मी दुरुस्ती करत असे. मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर ते ऐकायला बरं वाटे.

सरांचा एक सिद्धान्त होता, आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरात कुणाला चहा मिळत नसे. ‘खगोलशास्त्र उकाड्यातून जन्मलं’ हा तो सिद्धान्त. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून झालं, गाद्या पसरल्या, की ते कठड्याला टेकून सुरू करत.

“मले सांगा साहेब, आकाशाचा अभ्यास पहिले कोणी केला? बाबिलोनवाल्यांनी. इजिप्तवाल्यांनी. सगळे भट्टीतले लोक! घरात झोपणं होत नाही, म्हणून गेले गच्चीवर. गच्चीवर झोप येत नाही, म्हणून पाहत राहिले वरती. रोज रोज पाहिलं का समजते, का हा तारा काल इथं होता, आज तिथं आहे. झालं शास्त्र सुरू. लंडनवाल्याले कधी समजणार होतं? तो रजई घेऊन घोरून राहिला!”

“मग नागपूरकरांनी काहून नाही लावले शोध?” माझ्या बायकोनं एकदा विचारलं.

“लावले ना ताई. लिहून नाही ठेवले. नागपूरचा माणूस लिहीत असते का कधी? तो सांगते.”

प्राचीन लोकांबद्दल ते असं बोलत, जणू सगळे नंदनवनात मागच्या गल्लीत राहायचे. बाबिलोनवाले हिशेबाला पक्के; तासाची साठ मिनिटं त्यांच्यामुळेच आपल्या माथी आली. इजिप्तवाले जरा ऐदी. व्याधाचा तारा पहाटे दिसला की नदीला पूर येणार एवढं कळल्यावर त्यांनी पुढं फार डोकं चालवलं नाही, असं सरांचं मत होतं. चीनवाल्यांची त्यांना कीव येई, कारण ते राजाला भिऊन काम करत. सगळ्यांत लाडके मध्य अमेरिकेतले मायालोक. ते शुक्राच्या मागं लागले होते. “नाद असावा तं असा,” सर म्हणत. वहिनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, जिन्यातून ऐकत असायच्या. त्या म्हणायच्या, “अवो, तुमच्या त्या बाबिलोनवाल्यायले बोलवा एक दिवस. टाकी धुवाची आहे.”

टाकीचंही एक शास्त्र होतं. गच्चीवरची पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुवायची : सूर्य उत्तरेच्या टोकाला पोचून वळला की एकदा आणि दक्षिणेच्या टोकाहून वळला की एकदा. मधल्या काळात पाण्यात चप्पल पडली तरी सूर्याची वाट पाहायची.

त्यांचं घड्याळही असंच. ते नागपूरच्या सूर्यावर लावलेलं होतं, म्हणून आमच्यापेक्षा पाव तास मागं चाले. लग्नाला उशिरा पोचले आणि मंगलाष्टकं संपलेली असली की सर वरबापाला समजावत, “तुमच्या घड्याळातली सरकारी वेळ मिर्झापूरच्या सूर्याची आहे. आपल्या डोक्यावर सूर्य आत्ता येऊन राहिला. लग्न तुम्ही लवकर लावलं.” शाळेत असताना ते घंटेवर जात, तेवढी मुभा सूर्यानं त्यांना दिली होती. निवृत्तीनंतर पूर्ण नागपुरी झाले.

ग्रहण समजावून सांगायची त्यांची रीत म्हणजे कवायत. सूर्य कायम सर स्वतः. मी पृथ्वी आणि माझी बायको चंद्र. गच्चीवर खडूनं वर्तुळं आखून ते हुकूम सोडत, “पृथ्वी, जागेवर गोल फिर! चंद्र, पृथ्वीभोवती, पुढे चल!”

“जन्मभर तेच करून राहिली मी,” बायको म्हणाली आणि फिरली.

ती माझ्या आणि सरांच्या मध्ये आली की शिट्टी. “सूर्यग्रहण! चंद्र, थांब!” भर उन्हात आम्ही तिघं एका रेषेत उभे. तेवढ्यात खालून वहिनींचा आवाज येई, “सूर्य असन तं खाली पाठवा वं ताई, सिलिंडरवाला आला!” सूर्य खाली जाई. पृथ्वी आणि चंद्र सावलीत बसून हसत.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. मग एकदा मी विचारलं की हा नाद लागला कुठून. सर त्या दिवशी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत सांगत होते, नेहमीपेक्षा हळू.

“माझा बाप मिलमध्ये होता. छप्पनमध्ये दीक्षा घेतली. घरी आला अन् देव्हारा काढला. पंचांग होतं एक, तेही गेलं. माय म्हणे, आता पेरणीचं, पावसाचं, दिवसाचं कसं समजन? बाप म्हणे, वर पाह. आकाश काही कोणी नेलं नाही.” त्यांनी बोटाची दोरी सोडवली. “तवापासून आमच्या घरी वर पाहाची सवय आहे साहेब. दुसऱ्यानं सांगितलेलं नाही चालत. सोता पाहाचं.”

मग त्यांनी तो दगड दाखवायला मला नेलं.

स्कूटरवर आम्ही काटोल नाक्याच्या पुढे निघालो. नागपूरच्या आसपासच्या माळांवर मोठमोठ्या काळ्या दगडांची वर्तुळं आहेत. लोखंडाच्या काळातल्या माणसांची थडगी आहेत ती, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते कशासाठी, यावर जाणकारांची वेगवेगळी मतं आहेत. सरांचं एकच मत होतं.

वाटेत मला आधी रस्ता ओळखू आला. मग एक रपटा आला, नाल्यावरचा ठेंगणा पूल. तो रपटा माझ्या देखरेखीखाली झाला होता. सरांनी स्कूटर लावली, माळावर चढले, एका वर्तुळाच्या मध्यभागी टाचा जुळवून उभे राहिले आणि उजवा हात समोर ताणला, पूर्वेच्या जरा डावीकडे.

“तो पाहा.”

वर्तुळाच्या बाहेर, बरंच लांब, एक लांबट दगड एकटाच पडला होता.

“सारे दगड गोलात, हाच एकटा बाहेर काहून? मी दोन वर्षं डोकं खाजवलं. मंग एकवीस जूनले पहाटे आलो, इथं उभा राहिलो. सूर्य कुठून आला सांगा?” त्यांनी शिट्टी ओठांना लावली, पण वाजवली नाही. “बरोबर त्याच्या डोक्यावरून! वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्या लोकांले माहीत होतं, साहेब. पोथी नाही, पंचांग नाही, कोणत्याच पुस्तकात नाव नाही त्यायचं. आपल्यासारखेच लोक. फक्त दगड ठेवून गेले. अन् दगड खोटं बोलत नाही.”

मी त्या दगडाकडे पाहत राहिलो. रस्ता झाला तेव्हा तिथं मोहाचं झाड होतं.

मी तिशीचाही नव्हतो. मे महिना होता, रस्ता अजून खुंट्यांवरच होता, आणि खडीच्या ट्रकला वळायला जागा नव्हती. याच वर्तुळाच्या कडेचा हा लांब दगड नेमका आड येत होता. मी सब्बल, म्हणजे पहार, लावायला सांगितलं. मजुरांतला एक म्हातारा म्हणाला, “जुनं हाय साहेब, राहू द्या.” मी म्हणालो, “ट्रक काय तुझ्या डोक्यावरून वळवू?” सगळे हसले. म्हातारा हसला नाही, पण सब्बल त्यानंही धरली. दगड उपटून निघाला तेव्हा मला वाटलं, एवढी मेहनत झालीच आहे तर वाया कशाला घालवायची. मी तो लोटत मोहाच्या सावलीपर्यंत न्यायला लावला. त्या कामावर होतो तोवर मी त्याच्यावर बसून जेवलो. उपटलेल्या खड्ड्यात आम्ही खडी ओतली.

पुढं कधीतरी मोह तुटला आणि दगड उघड्यावर राहिला.

“इथं मोहाचं…” मी बोलून गेलो.

“काय?”

“काही नाही. या रस्त्यावर मी होतो, सर. कामावर.”

मी हे का बोललो ते मला अजून समजत नाही. बहुधा पुढचंही बोलणार होतो. पण सरांनी मला दोन्ही खांद्यांना धरलं. “तुम्ही! मंग हा दगड तुम्ही पाहिला असन! तवाही असाच होता?”

“होता,” मी म्हणालो.

एवढं तर खरंच होतं. काम सोडून गेलो तेव्हा तो तिथंच होता.

त्यानंतर दर जूनला सर लोकांना घेऊन तिथं जाऊ लागले. नंदनवनातले शेजारी, त्यांचे जुने विद्यार्थी, कुणाचे पाहुणे. आता एकवीस जूनला नागपुरात आभाळ कसं असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. सूर्य दिसत नसे. लोक ढगांकडे तोंड करून उभे राहत आणि सर घड्याळ पाहून शिट्टी वाजवत, “आता उगवला!” लोक टाळ्या वाजवत. मग माळावरच तर्रीपोहे. एकदा एक शेजारी म्हणाला, “सर, तुमच्या त्या लोकांनी डिसेंबर धरला असता तं बरं झालं असतं.” सर गंभीरपणे म्हणाले, “त्यांच्या वेळी ढग एवढे नव्हते.” हे त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायची सोय नव्हती. पोहे मात्र चांगले असत. मी दोनदा घेत असे. दगडाकडे पाठ करून खात असे.

मग ते व्याख्यान झालं.

एका वाचनालयाच्या सभागृहात प्राचीन काळच्या आकाशनिरीक्षणावर कार्यक्रम होता, आणि कुणीतरी सरांनाही दहा मिनिटं दिली होती. वहिनी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. इतकी वर्षं जिन्यातून टोमणे मारणाऱ्या त्या बाई, हातरुमालाची घडी करून उलगडून पुन्हा घडी करत होत्या. सर चांगलं बोलले. उकाडाही आला, मायालोकही आले, शेवटी दगड आला. मग अध्यक्षस्थानी असलेल्या विद्वान गृहस्थांनी विचारलं, अगदी सभ्यपणे,

“आपला विषय कोणता होता, सर? शाळेत?”

“पी.टी.”

सभागृहात हशा झाला. वाईट नव्हता, पण झाला. वहिनींची घडी थांबली.

“आपली तळमळ मोठी आहे,” विद्वान म्हणाले. “पण एक साधी शंका. त्या भागात रस्ता झाला, शेतं झाली. तो दगड मुळात त्याच जागी होता, कुणी हलवला नाही, हे कशावरून म्हणायचं?”

प्रश्न बिनतोड होता. सर मात्र खुलले. बऱ्याच दिवसांनी कुणी त्यांना नेमका हवा तो प्रश्न विचारला होता.

“साक्षीदार आहे ना साहेब! तो रस्ता ज्यांनी केला ते इंजिनिअरच आपल्यात बसून आहेत.” आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. “उठा साहेब. सांगा.”

मी उठलो. खुर्चीतून उठून सरळ होईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी वाक्य तयार केलं होतं. “मी त्या रस्त्यावर काम केलं आहे. तो दगड मी तेव्हाही तिथंच पाहिला आहे.” एकही शब्द खोटा नव्हता. कोर्टातसुद्धा टिकला असता.

टाळ्या झाल्या. विद्वानांनी मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं. वहिनींनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि हात जोडले.

बायको घरी येताना रिक्षात म्हणाली, “आज तुम्ही फार चांगलं काम केलं.” मी रिक्षाचे सुटे पैसे मोजले. तिलाही मी कधी सांगितलं नाही. मी स्वतःला सांगत होतो की हे दयेपोटी केलं, म्हाताऱ्याचं हसं होऊ नये म्हणून. त्यात थोडं खरं होतं. पण जुने अवशेष हलवले म्हणून मलाच कुणी धरलं तर, ही भीती त्याहून मोठी होती. आणि सगळ्यांत मोठं होतं ते ‘इंजिनिअर साहेब’. सभागृहात सगळ्यांसमोर तो शब्द ऐकल्यावर मला सब्बल लावायला सांगणारा सुपरवायझर व्हायचं नव्हतं.

सरांना खरं सोसणार नाही, असंही मी स्वतःला सांगत असे. हे कारण पुढच्याच उन्हाळ्यात निकालात निघालं.

माझ्या बायकोनं फोनवर कुठलीशी फिल्म पाहिली. एका संध्याकाळी गच्चीवर ती म्हणाली, “सर, ते इंग्लंडमधलं मोठ्ठं दगडाचं वर्तुळ आहे ना, तेही म्हणे सूर्यावरच बांधलेलं आहे. एवढ्या थंडीत त्यांनी कसं पाहिलं हो? ते तर रजईत होते.”

सर कठड्यापासून दूर झाले. गादीवर बसून राहिले. पुढचे दोन दिवस दिसलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, “काय झालं काय माहीत, जेवून नाही राहिले धड. आतमधी बसून आहेत.” मला वाटलं, झालं, म्हातारा खचला. बायकोला मी रागावलोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात शिट्टी वाजली. सर वर आले, हातात संत्रा बर्फीचा डबा, चेहरा असा की घरात नात जन्मली असावी.

“ताई, तोंड गोड करा. उकाडा रद्द!”

“अहो सर, मी तर गंमत…”

“गंमत कायची? बरोबर पकडलं तुम्ही! उत्तरेकडं बर्फातले लोकही तारे पाहत होते, वाचलं मी सारं. म्हंजे उकाड्याचा काही संबंध नाही. मी तीस वर्षं चूक बोलून राहिलो, अन् कोणी टोकलं नाही!” ते खरोखर आनंदात होते. “आता नवीन काढतो. माणसाले वर पाहाले कारणच लागत नाही, असं काहीतरी. विचार करून सांगतो.”

वहिनी जिन्यात उभ्या होत्या. “म्हंजे मी तीस वर्षं चुकीचं ऐकून राहिली?” त्या म्हणाल्या. “ते कोण भरून देईन?”

सगळे हसले, मीही हसलो. त्या क्षणी सांगता आलं असतं. बर्फीचा डबा अजून उघडा होता. आपला लाडका सिद्धान्त असा मिठाई वाटून टाकून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याला आणखी एक चूक सांगितली असती, तर त्यानं मला मिठी मारली असती, नाहीतर शिट्टी वाजवली असती. मी बर्फी खाल्ली आणि चांगली आहे म्हणालो.

पुढं बिल्डरची दिवाळी एकदाची आली आणि आम्ही प्रताप नगरात राहायला आलो. सरांची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकी वेळ पलंगावर. मी महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला जात असे. दर वेळी निघताना ठरवत असे की आज सांगायचं, आणि परत येताना मेट्रोत बसून पुढच्या वेळचं ठरवत असे.

शेवटच्या भेटीत दुपार होती. कूलर सुरू होता. सर खूप वाळले होते. शिट्टी खिडकीच्या गजाला लटकत होती. वहिनी चहा करायला आत गेल्या, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

“साहेब, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तो दगड… कोणी हलवला तं नसन ना कधी?”

मी खुर्ची पलंगाजवळ सरकवली. कूलरचा आवाज फार होता.

“मले मधी मधी वाटते,” ते म्हणाले. “बाकीच्या दगडांवर खळगे वरच्या अंगाले आहेत. त्याचे बाजूले आहेत, अर्धे मातीत. असा कोण ठेवन? मी पडून पडून तेच पाहून राहिलो, डोळ्यासमोर. हलवला असन, तं त्याची जुनी जागा शोधाव लागन. गोलात कुठंतरी खड्डा असनच. तिथं उभा केला अन् मंग पाहिलं, तं काय दिसन कोणाले माहीत! कदाचित भलतंच काही दिसन. चंद्र असन.” त्यांचे डोळे चमकत होते. “तुम्ही होते ना तिथं. आठवा जरा.”

माझ्याकडे उत्तर होतं. जगात फक्त माझ्याकडेच होतं. खड्डा कुठं होता, त्यात खडी कुणी भरली, म्हातारा मजूर काय म्हणाला होता, सगळं. सरांचा संशय खरा होता, आणि तो त्यांनी पलंगावर पडून, कुणी न सांगता, एकट्यानं शोधून काढला होता.

मी म्हणालो, “एवढा मोठा दगड कोण हलवणार, सर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले. “हव,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणता तं नसन हलवला.”

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी चहा घेतला. थंडी सुरू होता होता सर गेले.

आता तो रस्ता रुंद झाला आहे. मागे परगावी असणारा आमचा मुलगा आला होता, तेव्हा मी त्याला घेऊन तिथं गेलो होतो, त्याला कारण सांगितलं नाही. वर्तुळाची एक बाजू डांबराखाली गेली आहे, आणि माझी खडी भरलेला खड्डा बहुतेक त्यातच आहे. मी बराच वेळ फिरलो, पण जागा सांगता येईना. दगडाला मात्र कुणीतरी चुना लावला आहे, फोटोत उठून दिसावा म्हणून. ज्यांना कुणाला त्या दगडाबद्दल खरं हवं असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो : मोहाखाली तो मी नेऊन ठेवला. आधी तो वर्तुळाच्या कडेला होता. तिथून तो कशाकडं बोट दाखवत होता, किंवा कशाकडंच नाही, हे आता कुणालाच कळणार नाही, आणि त्याला सरांची चूक कारण नाही.

सोसायटीच्या ग्रुपवरही मी हे लिहिलं. मोठ्या कष्टानं, एकेक अक्षर शोधत : ‘हा दगड मी स्वतः हलवलेला आहे. तो प्राचीन जागी नाही.’ त्यावर चार जणांनी अंगठा दाखवला. एकानं शुभ सकाळचं फूल पाठवलं. सेक्रेटरीनं विचारलं, “काका, तुमच्यासाठी खिडकीजवळची सीट ठेवू का?”

वहिनी मुलीकडे असतात. त्यांना मी फोन केला. दगडाचा विषय मी काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, “तुमी उभे राहिले होते त्या दिवशी, म्हणून त्यायचं ऐकलं लोकायनं. ते नेहमी म्हणत.” त्यानंतर मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

तेव्हा ज्यांना सांगायचं होतं ते नाहीत, आणि जे आहेत त्यांना सांगवत नाही. वाक्य माझ्याकडं तयार आहे. त्या दुपारी कूलरच्या आवाजात बोलायला हवं होतं ते एवढंच होतं :

सर, हलवला होता. मीच हलवला. तुम्ही बरोबर ओळखलं. सभागृहात मी शब्द मोजून बोललो, त्याची माफी मागतो. पण त्याहून जास्त याची, की तुम्हाले खरं सोसणार नाही असं मी तुम्हाले न विचारता ठरवून टाकलं. खड्डा कुठं होता ते मले आता नीट आठवत नाही. तवा आठवत होतं. तुम्ही विचारलं तवा आठवत होतं, सर.